भरतीची वेळ

भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून आणि हातात प्लास्टिकची बादली घेऊन लिफ्टमधून बाहेर पडलेल्या जमालुद्दीनना पाहून बिल्डिंगच्या बांगलादेशी वॉचमनने तोंडात बोट घातलं. "बाजी, चाचा को इस टाइम कहाँ ले जा रहे हो?" त्याने सफूराला विचारलं. सफूरा पर्समध्ये गाडीची चावी शोधू लागली. तिचे अब्बा मासे गरवायला चालले होते, आणि ह्या वेळी त्यांच्या हाताला शेवाळसुद्धा लागणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती निघाली होती, आणि पोटच्या मुलीने बापाशी असं वागावं याची तिला तेव्हाही लाज वाटत होती.

जमालुद्दीन तिचे वडील. राजपुरीच्या खाडीत गरी टाकून टाकून माणूस म्हातारा झाला. खाडीच्या मुखाशी जिताडा मासा कधी येतो, कुठल्या खडकाच्या आडोशाला उभा राहतो, हे गावात त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. मागच्या साली त्यांना झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. बायको आधीच गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. सकाळी मोरीत पडले ते शेजारची समरीन संध्याकाळी कालवण घेऊन आली तेव्हा सापडले. दिवसभर ओल्या फरशीवर पडून होते. तोंडाजवळून मुंग्यांची रांग गेली होती, हे समरीनने फोनवर सांगितलं आणि सफूराच्या डोक्यातून ते कधी गेलंच नाही.

सफूरा जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या एका खाजगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. नवरा हाशिर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर. महिन्यातून एकदा घरी. तिने अब्बांना व्हिजिट व्हिसावर आणलं आणि रोज ड्यूटीवरून आल्यावर त्यांच्या हाताला व्यायाम दिला. हळूहळू बोटं वळायला लागली. पेला धरता येऊ लागला. आणि पेला धरता यायला लागल्याबरोबर म्हातारबुवांनी गावाचा धोशा लावला.

"व्हिसा संपतोय ना? मग मना गावाला धाड."

"गावाला नाही अब्बा. मुंब्र्याला. इस्मतकडे."

इस्मत तिचा भाऊ. मुंब्र्यात वरच्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता, लिफ्ट होती, चोवीस तास माणसं होती. जमालुद्दीनना तो फ्लॅट म्हणजे कबुतराची खोली वाटे. मग बापलेकीत जुंपायची. शेवटी एकदा जमालुद्दीननी ताट बाजूला सारलं आणि तोडगा काढला.

"एक मासा. ह्या हाताने ओढला, तर मी माझ्या घरी जाणार नि तू गप्प बसायचं. नाय ओढला, तर तू म्हणशील तिकडे. खलास."

इथल्या अरबांच्या तोंडी उठता-बसता ऐकून हा शब्द ते जिथे तिथे ठोकून देत. वाद मिटावा म्हणून सफूराने कबूल केलं. हाताचं तिला कळत होतं. हात मासा ओढण्याइतका तयार झाला होता. म्हणजे ती हरणार होती. मोरीतली ती ओली फरशी पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे यायला लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने विनोदला गाठलं. विनोद एक्स-रे विभागात, मूळचा रेवदंड्याचा; सुट्टीच्या दिवशी हा गडी उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, मासेमारीसाठी बांधलेल्या धक्क्यावर पडीक असे.

"वेळ कुठली चांगली?" तिने विचारलं.

"फजरच्या सुमाराला या सफूराताई, उजाडायच्या आधी. नाही तर सूर्य बुडताना. मधल्या वेळात मासा खोल जाऊन झोपतो."

"आणि भरतीचं?"

विनोद हसायला लागला. "ते इथे विसरा. इथे भरती-ओहोटी नसल्यात जमा. वीतभरसुद्धा पाणी चढत नाही. पहिल्या वर्षी मीपण तिथी मोजत बसायचो, लोक खुळा म्हणायचे. आपल्या बाजूच्या प्रत्येकाची ही चूक होते."

ती घरी आली तेव्हा जमालुद्दीन गॅलरीत बसून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. "आज सातवा चांद," ते खुशीत म्हणाले. "बाराच्या सुमाराला पाणी उतरायचं थांबून सुकती संपणार नि भरतीचं पाणी लागणार. लागत्या पाण्यावर मासा वर येतो. उद्या जरा उशिराने निघू."

सफूरा दारात उभी राहिली. अब्बा, इथे पाणी लागत नाही, एवढंच बोलायचं होतं. ते पोटात ठेवून ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेव्हा."

त्या दुपारी धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. आधी जमालुद्दीनना त्याचाच आनंद झाला. "बघ, कोनाला अक्कल नाय. अख्खा दर्या आपला." त्यांनी कोलंबीचा तुकडा गरीला लावला, नायलॉनच्या दोरीचं तंगूस बोटावर घेतलं आणि शिसं पाण्यात सोडलं. उजवा हात नीट धरून होता. मग ते काठच्या दगडांकडे बघत बसले. पाणी दगडाच्या काळ्या रेघेला टेकलं होतं. ते त्या रेघेवर चढायची वाट बघत होते.

ऊन असं की धक्क्याच्या फळ्या चपलेतून पोळत होत्या. सफूरा छत्री धरून उभी होती. बाटलीतलं पाणी गरम झालं. कसलीच ओढ आली नाही, आणि रेघ होती तिथे होती.

"पानी हललं नाय," जमालुद्दीन परतताना गाडीत म्हणाले. मग बराच वेळ विचार करून त्यांनी कोडं सोडवलं. "इथला चांद आपल्यापेक्षा एक दिस पुढे असतो! ईदपन आधी करतात ना हे. मी इथला चांद धरला, तिथे चुकलो." आणि स्वतःच्याच चुकीवर ते इतके मनमोकळे हसले की सफूराला सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही. मागून हॉर्नचा गदारोळ उठला.

पुढची खेप एक दिवस वजा करून झाली. रेघ तिथेच. तिसऱ्या खेपेला ते संध्याकाळ व्हायला आली तरी उठेनात. त्यांच्या हिशेबाने पाणी रात्रीपर्यंत चढायचं होतं. एकेक करून इतर लोक यायला लागले. मलबारी, फिलिपिनो, दोन-तीन येमेनी, गळकाठ्या आणि घडीच्या खुर्च्या घेऊन.

"हे येडे आता कशाला येतात?" जमालुद्दीन म्हणाले. "थोडं थांबू या का?"

सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. विनोदने सांगितलेली वेळ आता सुरू होत होती. सफूराने बादली उचलली. "उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे अब्बा. यल्ला, उठा."

ते उठले. गाडीपर्यंत चालताना एकदा थांबून त्यांनी वर बघितलं. अर्ध्याहून जास्त भरलेला चांद आभाळात आला होता. ते त्याच्याकडे बघतच राहिले. "चांद तर बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. सफूराने त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं आणि दार लावलं. जिंकल्याचा आनंद कुठे वाटेना.

त्यानंतर जमालुद्दीन बदलले. हातातला रबरी चेंडू दाबायचे ते त्यांनी बंद केलं. वार कोणता ते दिवसातून चारदा विचारू लागले. असरची नमाज झाली का आपली, असं एकदा तिलाच विचारलं. ती ड्यूटीवरून आत्ता आली होती, तिला काय ठाऊक. जेवायला वाढलं तर, "मी जेवलो का नाय अजून?" म्हणाले. चावट म्हातारा थट्टा करतोय असं तिला आधी वाटलं. पण डोळ्यांत थट्टा नव्हती, तिथे भीती होती. जो माणूस अंधारात, नुसत्या वासावरून पाणी फिरलं की नाही ते सांगायचा, तो आता पाणी प्यायच्या आधी पेल्यात वाकून बघत होता.

एके दिवशी ती घरात शिरली तर ते इस्मतशी फोनवर बोलत होते. "येतो रे बाबा तुझ्याकडे. हात बरा हाय. हाताचं नाय. माझा हिशेब गेला. पानी कवा लागतं ते कळेना मना. ह्या डोक्याने एकटा ऱ्हाऊन काय करू?"

सफूरा तशीच स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. तिला ते मुंब्र्याला जायला हवे होते. हरलेला हात घेऊन गेले असते तर तिने सोसलं असतं, हातावर इलाज होता. तिने त्यांची जन्मभराची अक्कल काढून घेतली होती आणि ती परत कशी घालायची हे कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फजरची बांग झाली तशी तिने त्यांना उठवलं. "नमाज पढा आणि चला. गरवायला जायचंय."

"आता?" ते गांगरले. "चौदावा चांद हाय. ह्या वेळी ठार सुकती असते." मग लगेच चेहरा पडला. "असते ना? का नाय असत?"

"चला तर."

धक्क्यावर बरीच माणसं होती. विनोदही होता, त्याने हात केला. पूर्वेकडे, शहराच्या बाजूला, आभाळ फिकट होऊ लागलं होतं. सफूराने स्वतः गरीला कोलंबी लावली आणि तंगूस अब्बांच्या उजव्या हातात दिलं. ते मन नसल्यासारखे बसले. दगडांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

अजून नीट उजाडलंही नव्हतं तेवढ्यात तंगूस खस्सकन ओढलं गेलं. जमालुद्दीनच्या अंगातून वीज गेली. काही न ठरवता उजव्या हाताने झटका दिला, मूठ वळली, डावा हात मदतीला धावला तर त्यांनी तो मागे घेतला. सफूरा श्वास रोखून बघत होती. मासा खडकात घुसू बघत होता. ते ढील देत, पुन्हा आवळत, बोटावर बोट चढवत ओढत होते. मनगटाच्या शिरा तटतटल्या. शेवटी तपकिरी ठिपक्यांचा, जबड्याचा मोठा हामूर फळ्यांवर येऊन आपटला. आपल्याकडच्या हेकरू माशाचा भाऊच. विनोदने टाळ्या वाजवल्या, फिलिपिनो पोरांनी फोन काढले.

"अब्बा!" सफूरा ओरडली. "ह्या हाताने! एकट्याने! जिंकलात तुम्ही. जा गावाला, मी काही बोलणार नाही."

जमालुद्दीन धापा टाकत माशाकडे बघत होते. मग ते वाकले आणि त्या पहाटे पहिल्यांदा त्यांनी दगडांकडे बघितलं. पाणी काळ्या रेघेला टेकलेलं होतं. 

"सुकतीला लागला," ते म्हणाले. "जन्मात कवा सुकतीला लागला नाय नि आज लागला. म्हंजे मना कायच ठाव नाय, सफूरा. सगळं उलटं झालं डोक्यात. हात आला, पन त्याला सांगनारा कुठे ऱ्हायला? इस्मतला तिकीट काढाया सांग."

"नाही अब्बा, ऐका." ती त्यांच्यापुढे फळ्यांवर बसली. "तुमचं डोकं ठीक आहे. इथे भरतीच येत नाही. हा दर्या वेगळा आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मासा मिळाला तर तुम्ही एकटे गावाला जाल म्हणून मी मुद्दाम गप्प राहिले. मुद्दाम तुम्हाला दुपारी आणत होते."

जमालुद्दीननी तिच्याकडे बघितलं. रागाने बघतील, दोन शिव्या देतील, ह्याची ती वाट बघत होती. ते हसले.

"दर्या हाय नि भरती नाय?"

"विनोदला विचारा!" तिने हाक मारली. विनोद आला, उकिडवा बसला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. चाचा, आम्हीपण असेच फसलो होतो, म्हणाला. जमालुद्दीननी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली.

"चांगला पोरगा हायस. हिने पढवून आनलंय तुला."

"कोणी पढवलं नाही अब्बा! खरं सांगते. मीच फसवलं तुम्हाला."

"मना म्हाताऱ्याला उन्हात बसवून, ठाव असून तू गप ऱ्हाशील?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "इस्मत करील असं एकादवेळ. तू नाय करायचीस. मी वळखतो ना माझ्या पोरीला."

 सफूराने त्यांचा हात धरला, कपाळाला लावला आणि ती पुन्हा म्हणाली, "मीच केलं, अब्बा."

"बास आता," जमालुद्दीन तिचे डोळे पुसत म्हणाले. "बापाचं मन राखाया पन इतकं खोटं बोलू नये, बाय. गुनाह लागतो."