न पुसलेला चार

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. जिन्याखाली भिंतीला टेकून उभा आहे आणि खरं सांगायचं तर फार थकलो आहे.

श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपनीत, गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकणाऱ्यांच्या खोलीत मी लागलो. रोज संध्याकाळी साहेब प्रत्येकीच्या नावापुढे लिहीत, किती फोन घेतले आणि एका फोनला सरासरी किती मिनिटं लागली.

"आठवडाभर करून बघू," म्हणत पहिल्या साहेबांनी माझ्या माथ्यावर लिहिलं, 'एका फोनला चार मिनिटं'. घाईत हाती पक्क्या शाईचं पेन आलं. शनिवारी पुसायला गेले, तर अक्षर ढिम्म हलेना. स्पिरिट आणायचं ठरलं, पण सवड कोणाला? पुढे साहेब बदलले. नव्यांनी मान वर करून वाचलं आणि तोच नियम धरला. आठ वर्षं!

चार मिनिटं होत आली की बहुतेक जणी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवत. तोच माणूस पुन्हा फोन करी आणि तो नवा फोन म्हणून मोजला जाई. वर शाबासकी! चारच्या आतला आकडा हिरव्या शाईने लिहीत, वरचा लाल; खोलीतल्या सर्वांत जुन्या ताईंचे आकडे मात्र कायम लाल. त्यांच्या गिऱ्हाइकाला पुन्हा फोन करावा लागत नसे, पण त्यासाठी माझ्यावर रकानाच नव्हता.

एके दिवशी साहेबांनी बजावलं, "ताई, आज लाल आलं तर उद्यापासून येऊ नका."

दुपारी एका आजोबांचा फोन आला. यंत्र मुकं झालं होतं.

"आजोबा, बॅटरी उलटी आहे का?"

"उलटी? छे हो, पोट ठणठणीत आहे!"

सगळ्या हसल्या. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. साडेतीन मिनिटं झाली होती.

"होऊ द्या सावकाश," ताई म्हणाल्या. एकवीस मिनिटं लागली.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "माझ्या हातात काही नाही हो. वर लिहिलंय ना." त्यांच्या हातात पेन होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन ताईंच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने घेतला. "त्या बाईंना सांगा, ऐकू येतंय!" एवढंच बोलून त्यांनी ठेवला. तो दिवसातला सर्वांत छोटा फोन ठरला आणि त्या मुलीचा आकडा हिरवा झाला. ताईंची खुर्ची रिकामी होती. मला फार वाईट वाटलं.

आता माझ्या जागी चकचकीत पडदा आहे. त्याच्या माथ्यावरही चारच आहे.

मित्रांनो, कोणाच्या नावापुढे आकडा लिहाल, तेव्हा आधी हातातलं पेन बघून घ्या. मला कोणी पुसलं नाही, ते एक असो. पण ताईंनाही कोणी पुसलं नाही. तुम्ही तरी पुसा.