लिंबोणीची खरड छाटणी

मी एक जुनी लिंबोणी आहे. अंगावर लिंबांपेक्षा काटे जास्त, हे मला कोणी सांगायला नको. नाशिकला द्वारकेजवळच्या एका गल्लीत, सोमनाथच्या घरामागे मी उभी आहे. त्याच्या आईनं, कुसाबाईनं, मला निफाडहून येताना रोप म्हणून आणलं. गाव सुटलं, पण मातीत हात घालायची तिची सवय सुटली नव्हती.

मित्रांनो, तिनं मला लेकीसारखं वाढवलं. तांदूळ धुतलेलं पाणी माझ्या वाट्याचं. नात स्नेहल अंगणात खेळू लागली, तेव्हा शेजारी म्हणाले, हे काटेरी धूड काढून टाका. कुसाबाईनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. ती नेलकटर घेऊन बसायची आणि पोरीच्या उंचीपर्यंतच्या काट्यांची फक्त टोकं कापायची. मीही हात आखडता घेतला नाही. सगळ्या गल्लीच्या सरबतात माझी लिंबं असत.

एका चैत्रात ती लेकीकडे निफाडला गेली. सोमनाथ तरुणपणी द्राक्षबागांत राबलेला. उन्हाळा लागला की त्याचे हात कात्रीसाठी शिवशिवायचे. आईला खूश करायचं म्हणून त्यानं माझी द्राक्षवेलीसारखी खरड छाटणी केली. मागे उरले नुसते खुंट. करायला गेला गणपती, झाला मारुती.

कुसाबाई परतली आणि माझ्या खुंटांवरून हात फिरवत बसली.

"आई, द्राक्षाला कशी झकास फूट येते," सोमनाथ म्हणाला.

"द्राक्ष नव्या काडीवर धरतं, बाबा. हिला पुन्हा धरायला वर्षं लागतील. माझ्याकडं तेवढी हायेत का?"

ती रागावली नाही, याचंच त्याला जास्त लागलं. तिनं माझ्या जखमांना शेण लावलं. मला फूट आली, पण सरळसोट आणि लांब काट्यांची. फूल एक नाही.

पुढच्या हिवाळ्यात कुसाबाईनं अंथरूण धरलं. तोंडाला चव नव्हती. वरणावर आपल्या झाडाचं लिंबू पिळ म्हणाली. सोमनाथ माझ्यापाशी येऊन फांदी न् फांदी चाचपत राहिला. मला वाटलं, एक तरी असावं, हिरवं, कडू, कसंही. शेवटी त्यानं बाजारातून आणलं. खिडकीतून मी पाहिलं, तिनं ते हुंगलं आणि उशाशी ठेवून दिलं.

"हे आपलं नाय," एवढंच म्हणाली. वरण तसंच राहिलं. थंडी सरायच्या आत ती गेली.

यंदा मी लगडले आहे. इतकी लिंबं मी कधीच धरली नव्हती, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, झाडाला कात्री लावू नका असं मी म्हणत नाही. लावा, पण आधी ते कोणतं झाड आहे ते पाहा आणि कोणाचं आहे ते विचारा. प्रेमानं केलेली चूकसुद्धा झाडाला वर्षानुवर्षं भरून काढावी लागते, आणि माणसं तेवढी थांबत नाहीत.

सोमनाथ आता दर रविवारी माझ्यापाशी बसतो. स्नेहल डोक्यानं त्याच्या खांद्याला लागली आहे, तिला काट्यांची भीती उरलेली नाही. तरी तो आईचं नेलकटर घेऊन खालच्या काट्यांची टोकं कापत राहतो.