साक्षीतलं हेल्मेट

माळ्यावरून उतरवलेलं हेल्मेट गुंडूनं शर्टाच्या टोकानं पुसलं आणि टेबलावर, पेढ्यांच्या पुड्याशेजारी ठेवलं. त्याचा हिशेब सरळ होता. उद्या बिंदू चौकातून हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीचा मोर्चा निघणार, आणि समितीचा सरचिटणीस तो. पहिल्या रांगेत विधवा वहिनी, तिच्या हातात हे ओरखडलेलं हेल्मेट, शेजारी आपण. परवाच्या पेपरात फोटो. दिवाळीनंतर महापालिकेची निवडणूक, वॉर्ड यंदा खुला. खर्च, पाव किलो पेढे.

"भाषण न्हाय करायचं, वहिनी. नुसतं धरून उभं ऱ्हायाचं. बोलायचं ते मी बोलतो की."

श्यामला चौथीच्या वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय बोलणार, भावजी?"

"हेच. माझा थोरला भाऊ वसंत. पाटबंधारे खात्यात क्लार्क, सरळमार्गी माणूस. नियमानं हेल्मेट घालून निघाला आणि शिरोलीपाशी ट्रकनं उडिवला. काय कामाला आलं हे टोपडं? मग सक्ती कशापायी?"

बोलता बोलता त्याचा आवाज खरोखर भरून आला. सहा वर्षं एकच गोष्ट सांगत राहिलं की सांगणाऱ्यालाही ती घडलेली वाटू लागते. गुंडूचं तसं झालं होतं.

"मला उद्या बाराची शाळा आहे."

"अर्धी रजा टाका. दादासाठी एवढं व्हईल न्हवं?"

केसांना क्लिप लावत सई आतून आली. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. कॉलेज हायवेला, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिच्यासाठी जुनी स्कूटी घेतली होती. स्कूटीबरोबर श्यामलानं नवं कोरं हेल्मेटही आणलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी उलटं ठेवलेलं होतं आणि त्यात कांदे होते.

"जर्नल आणायला चाललीये," सई म्हणाली.

"हेल्मेट घालून जा."

"मग कांदे कुठं ठेवू?"

"सई."

"आई, बाबांनी घातलंच होतं की."

हे ती चिडून म्हणत नसे. पाढा म्हणावा तसं म्हणायची. श्यामलाचा लाल पेन एका बेरजेवर थांबला आणि तिथं एक ठिपका मोठा होत गेला.

"बघा," गुंडू खूश झाला. "पोरीला कळतंय, सरकारला न्हाय कळत." आणलेल्या पेढ्यांतला एक त्यानं स्वतःच तोंडात टाकला. "सकाळी धाला येतो. तयार ऱ्हावा."

तो गेला. सई आरशासमोर क्लिप काढून पुन्हा लावू लागली.

सहा वर्षांपूर्वी वकिलांनी चष्मा काढून विचारलं होतं, "हेल्मेट होतं ना डोक्यावर? नसलं तर त्यांचीही चूक होती, असं विमा कंपनी म्हणेल. रक्कम कापली जाईल." श्यामला तोंड उघडायच्या आत गुंडू म्हणाला, "होतं की." त्या संध्याकाळी घरामागच्या परड्यातल्या धुण्याच्या दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. तीन वेळा. थांबून पुन्हा तीन वेळा. श्यामला स्टोव्हला पंप मारत राहिली, गरज नव्हती तरी. कोर्टात हेल्मेट टेबलावर ठेवलं गेलं. सगळ्यांनी ते वरून पाहिलं, उलटं करून कुणी बघितलं नाही. तिला विचारलं तेव्हा ती एकच शब्द बोलली. "होतं."

रक्कम पुरी मिळाली. सईची फी त्यातूनच भरली जात होती. गुंडूनं त्यातला रुपयाही घेतला नव्हता. त्याला शिव्या द्यायची सोय त्यानं ठेवली नव्हती.

त्या एका शब्दापोटी पुढं असे कांदे दाराशी येऊन बसतील, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन महिन्यांत तिनं सईला शपथ घालून पाहिली, अबोला धरून पाहिला, एकदा किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. मागच्या आठवड्यात सई कोपर खरचटून आली. वाळूवरून घसरले, म्हणाली. डोकं दुभाजकापासून वीतभर राहिलं होतं, हे मैत्रिणीच्या तोंडून कळलं.

सईनं खिळ्यावरची किल्ली काढली.

"थांब," श्यामला म्हणाली. "बाबांचं हेल्मेट एकदा घालून दाखव."

"कशाला?"

"घालून दाखव."

सईनं त्याला आजवर हात लावला नव्हता. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं, देव्हाऱ्यातलं काही उचलावं तसं, आणि डोक्यात घालण्यासाठी उलटं केलं. मग ती तशीच राहिली.

आतल्या अस्तरावर दुकानातलं प्लास्टिक ताणून बसलेलं होतं. हनुवटीखालच्या पट्ट्याची घडी कागदी पट्टीत बांधलेली होती, आणि पट्टीचा डिंक कुठंही सुटलेला नव्हता.

"आई, हे उघडलेलंच नाहीये."

श्यामलानं एका गणितावर बरोबरची खूण केली.

"दसऱ्याला काढणार होते. गाडीची पूजा झाली की. नवी वस्तू, आत्तापासून कशाला मळवायची, म्हणाले."

वसंत गेला तो घट बसायच्या आदल्या दिवशी. सईला हे सांगावं लागलं नाही. टीव्हीचा रिमोट शेवटपर्यंत पिशवीत गुंडाळून वापरणारा माणूस तिलाही ठाऊक होता. एवढे जपून राहणारे बाबा आणि तरी असं झालं, असं ती मैत्रिणींना सांगायची. ते सांगताना तिची मान थोडी ताठ व्हायची.

"मग वरचे हे ओरखडे?"

श्यामलानं खिडकीतून परड्याकडं पाहिलं. धुण्याचा दगड अजून तिथंच होता.

"काका तुझ्यासाठीच खोटं बोलले. आणि मीपण."

सईनं एका ओरखड्यावरून बोट फिरवलं, एकदाच. हेल्मेट होतं तसं पालथं ठेवलं. किल्ली परत खिळ्याला लावली. जर्नल आणायला ती त्या दिवशी गेली नाही. जेवताना तिनं भाजी कशी झाली तेवढं सांगितलं.

सकाळी साडेसातला तिचं प्रॅक्टिकल असे. श्यामला देवपूजा आटपून बाहेर आली तेव्हा स्कूटी नव्हती. कांदे परातीत काढून ठेवलेले होते. दाराशी काही नव्हतं.

दहाला गुंडू आला. पांढरा शर्ट, छातीवर समितीचा बिल्ला.

"चला, वहिनी."

"मी येणार नाही, भावजी. हे घेऊन जा."

त्यानं दोन वेळा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. तिच्याशिवाय नुसतं हेल्मेट किती भरेल, याचा अंदाज घेत त्यानं ते उचललं. आणि इतक्या वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. आरशासमोर जाऊन ते उलटं केलं. श्यामलानं खुर्चीची पाठ धरली.

हेल्मेट त्याच्या डोक्यात बसलं. पट्टा दोन्ही बाजूंनी मोकळा लोंबत होता. प्लास्टिक नव्हतं. अस्तर दबलेलं, कडेला तेलकट काळसर झालेलं होतं, एखाद्यानं रोज वापरल्यासारखं.

गुंडू हळूच म्हणाला, "दादाच्या तेलाचा वास अजून हाय ओ, वहिनी." त्याचे डोळे भरले होते. हेल्मेट त्यानं काढलं, छातीशी धरलं आणि तसाच पायऱ्या उतरून गेला.

खोबरेल तेलाची बाटली न्हाणीघराच्या कट्ट्यावर उघडीच होती. श्यामलानं तिला झाकण लावलं. कचऱ्याच्या डब्यात वरच प्लास्टिक होतं, चार घड्या घातलेलं. कागदी पट्टी त्या घड्यांत नीट ठेवलेली होती.

ती वह्यांसमोर बसली आणि त्या हेल्मेटपायी कुणी काय भरलं, याचा हिशेब मांडू लागली. विमा कंपनीनं आपले पैसे केव्हाच भरले होते. वसंतनं सगळं एका सकाळीत चुकतं केलं होतं. गुंडूच्या नावावर अजून जमाच होती, उद्या त्यात फोटोही पडणार होता. तिचं स्वतःचं रोज थोडंथोडं जात होतं, त्याची आता सवय झाली होती. आणि सईकडं बापाचं म्हणून जे एवढंसं होतं, ते तिनं काल भरलं. पावती न मागता.