घोटभर पाणी

हेल्पलाइनवर अठरा वर्षं काढली, की दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं जिवावर येतं. तिला तर ते घरातही जमत नसे. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा आणि स्वभावानं संथ. तो "आज जरा..." म्हणाला, की ही "उशीर होईल, कळलं" म्हणून मोकळी. लग्नाला होकारसुद्धा माझ्या वतीनं हिनंच दिला, असं तो पाहुण्यांना सांगायला घ्यायचा. बहुतेक वेळा तेही वाक्य तीच पुरं करायची.

कंपनीत या सवयीचं कौतुकच होतं. एका फोनला चार मिनिटं. त्यापलीकडे गेलं की भिंतीवरच्या फलकावर आकडा लाल. तिचा कधी झाला नाही. एकदा एका अडखळत बोलणाऱ्या माणसाचा फोन आला. इंटरनेट बंद असणार, हे तिनं दोन शब्दांत ताडलं, उरलेलं त्याच्या वतीनं बोलून टाकलं आणि तक्रार नोंदवली. तो क्षणभर थांबला, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. दोन मिनिटं दहा सेकंद. साहेबांनी तो फोन नमुना म्हणून सगळ्यांना ऐकवला. चारचौघांत बसून ऐकताना तिला पहिल्यांदा जाणवलं, की त्या माणसाला काहीतरी वेगळंच सांगायचं होतं. ते काय, हे तिला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी टाळ्या वाजल्या तेव्हा तिला कुठे बघावं ते सुचेना.

त्यानंतर वर्षभर तिनं सुट्टीच्या दिवशी वर्ग केले, परीक्षा दिली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी एका वाचा-उपचार केंद्रात मदतनीस म्हणून उमेदवारीवर लागली. पक्षाघाताच्या झटक्यानं ज्यांचं बोलणं गेलं, त्यांना पुन्हा बोलतं करायचं काम. कंपनीतून तीन महिन्यांची रजा घेतली होती. ती येत्या सोमवारी संपत होती, आणि तोवर केंद्रानं कायम केलं नाही, तर पुन्हा तोच हेडफोन कानाला होता.

तिच्याकडे सोपवलेले होते ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवलेली. चार महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली आणि सोबत बोलणं. शब्द डोक्यात असायचे, जिभेवर येत नसत. सोबत काकू, हातात पिशवी, पिशवीत थर्मास, शाल आणि औषधांचा डबा. काका रोज एकच काहीतरी सांगू बघायचे. काकूंकडे बघायचे, डावा हात दाराकडे करायचे आणि म्हणायचे, "तू... तू..." मग ही पुढे सरसावायची. बाहेर जायचंय? पाणी हवंय? घरी जाऊया? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला काका मान हलवायचे, आणि त्यांना व्हरांड्यात एक फेरी मारून परत आणलं जायचं. दहा दिवस हे चाललं. तिनं फाइलमध्ये लिहिलं, प्रगती चांगली.

केंद्राच्या मॅडमनी गुरुवारी ते वाचलं आणि तिला बोलावून घेतलं.

"ते मान हलवतात ना, ती तुला वाईट वाटू नये म्हणून," मॅडम म्हणाल्या. "तू त्यांना गप्प बसवतेयस. आणि तेही इतक्या मायेनं, की बिचाऱ्यांना तक्रार करायची सोय नाही."

उद्याच्या तासाला मी काचेपलीकडे बसणार, असं मॅडमनी पुढे सांगितलं. काकांना एक जरी शब्द आयता दिलास, तर सोमवारी तू आपली कंपनीत जा. तिथे तुझी कदर आहे. बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

घरी आल्यावर तिनं हे सगळं नवऱ्याला एका दमात सांगितलं. तो स्वयंपाकघरातल्या नळाखाली आडवा पडून काम करत होता. त्यानं दातांत धरलेला वॉशर काढून हातात घेतला.

"लोक मला... घरातलं सगळं सांगतात. सुनेचं, जावयाचं. का, माहितीय?"

"तू शांत..."

"हा वॉशर," तो म्हणाला. "तोंडात असतो. बोलताच येत नाही मला."

तिनं वॉशरकडे बघितलं. मग ओट्यावरच्या पाण्याच्या पेल्याकडे.

शुक्रवारी दहा वाजता काका खुर्चीत बसले. तिनं पेला उचलला, एक घोट घेतला आणि तो तोंडात धरून समोर बसली. काकांनी काकूंकडे बघितलं, दाराकडे हात केला.

"तू..."

"काय हवंय हो? शाल देऊ?" काकू म्हणाल्या. तिनं दुसरा पेला भरून काकूंच्या हातात दिला आणि स्वतःच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं. काकूंनी जरा संशयानं घोट घेतला. दोन बायका गाल फुगवून बसलेल्या बघून काकांना क्षणभर आपण कशासाठी आलो तेच आठवेना.

"तू... तू... ब..."

एव्हाना तिच्या डोक्यात पाच शब्द तयार होते. पाणी कोमट झालं. घड्याळात बघायचं नाही असं ठरवूनही तिनं बघितलं. चार मिनिटं होऊन गेली होती.

"बहि... बहिणी... कडे." काकांच्या कपाळावर घाम आला होता. "जा."

काकूंनी पाणी गिळलं. दर महिन्याला त्या दोन दिवस थोरल्या बहिणीकडे जात असत. गेल्या चार महिन्यांत बहिणीकडे सोडाच, शेजारीही गेल्या नव्हत्या.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला हाकलत होता होय?"

काकांनी बराच विचार केला. कोणीही मदत केली नाही.

"हो," ते म्हणाले.

तिच्या तोंडातला घोट हसण्याबरोबर फाइलवर उडाला. काकूही हसत सुटल्या. काकांचं मात्र अजून संपलं नव्हतं. त्यांनी डावा हात उचलून काकूंच्या मनगटावर ठेवला.

"दम... लीस," ते म्हणाले. "तू."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी पिशवीतून शाल काढली, उगाच पुन्हा घडी घातली आणि परत पिशवीत ठेवली.

मॅडम आत आल्या. त्यांनी फाइल रुमालानं टिपली आणि प्रगती चांगली हे शब्द पाण्यानं फुटलेले बघितले.

"हे पान नव्यानं लिही," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी साडेनऊला ये. पेला झाकणाचा आण."

दुपारी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. तिनं त्यांना मध्ये न तोडता बोलू दिलं, आणि मग येणार नसल्याचं सांगितलं.

संध्याकाळी नवरा हात पुसत समोर येऊन बसला. "मग... कंपनीला..." म्हणाला आणि सवयीनं थांबला. ती त्याच्याकडे बघत बसून राहिली. त्यानं मान वर केली.

"काय गं? बरं... नाही का वाटत?"

"बरी आहे मी. तू बोल."

तो बोलायला गेला आणि अडला. इतकी मोकळी वाट त्याला कधी मिळालीच नव्हती.

"काय विचारत होतो... तेच विसरलो बघ."

"आठव सावकाश," ती म्हणाली. "मी बसलेय."