पांढरी भुकटी

आमच्या गॅरेजात जुन्या गाडीचा पत्रा आधी हातोडीने वाजवून बघतात. कुठे बद्द आवाज आला की तिथे आतून गंज. फक्त सासऱ्यांनी केलेलं काम वाजवायचं नाही. इतकी वर्षं डेंटिंग केलेल्या माणसाचा तो मान. मला हे लाड कधीच पटले नाहीत, पण नवऱ्यापुढे कोण डोकं आपटणार?

त्या दिवशी सासऱ्यांचाच जुना पिकअप ट्रक कामाला घेतला होता. दरवाजे, मडगार्ड, केबिनचा तळ, सगळ्याची गंजून चाळण झालेली. फक्त चासी, म्हणजे ज्यावर सगळं वजन बसतं ती चौकट, काळी गुळगुळीत होती, कारण ती सासऱ्यांनी पूर्वी दुरुस्त केलेली. नवऱ्याने सगळं वाजवलं, ती सोडून. पुढची चाकं काढून तिच्याखाली दोन लोखंडी घोडे लावले, ट्रक त्यांवर टेकवला आणि तळाचा सडका पत्रा कापायला स्वतः खाली सरकला. ग्राइंडर सुरू झाला. त्या आवाजात माणसाला स्वतःचं नावही ऐकू येत नाही.

मी बाजूला दिवा धरून उकिडवी बसले होते. एका घोड्यावर काहीतरी सांडताना दिसलं. गंज तांबडा पडतो, ही भुकटी पांढरी होती. वळून बघितलं, तर स्टुलावरच्या सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"तिथे लोखंड नाही," ते माझ्या कानाशी येऊन ओरडले. "जाळी लावून नुसती लांबी भरली होती मी."

लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायचा लगदा. त्याच्यावर ट्रक उभा आणि ट्रकखाली माझा नवरा. मी दिवा टाकून त्याचे पाय ओढायला गेले, तर सासऱ्यांनी माझा हात धरला. फिरतं पातं त्याच्या छातीच्या अगदी वर होतं. त्यांचं बरोबर होतं, म्हणून आणखीच राग आला. बटण पलीकडच्या भिंतीवर. मी धावत जाऊन ते दाबलं. ग्राइंडर थांबला आणि चासीची करकर स्पष्ट ऐकू आली.

"काय गं, प्लग निघाला का?" नवऱ्याने खालून विचारलं.

आम्ही एकेक पाय धरून ओढलं. त्याचं डोकं बाहेर आलं आणि ट्रक धाडकन खाली बसला.

नवरा पडल्या पडल्या हसायला लागला. घाबरला की तो हसतो. निदान पँट तरी अंगावर ठेवा म्हणाला. मी त्याचा पाय सोडला, सासरे सोडेनात.

"घोडा लावताना तुम्ही इथेच होतात ना?" मी त्यांना विचारलं.

"वाटलं, धरेल," ते म्हणाले. "आणि सांगितलं असतं, तर याला कळलं असतं."

नवऱ्याचं हसू थांबलं. घोट्याभोवतीच्या त्या हातांकडे तो जरा वेळ बघत राहिला. मग त्याने आपला पाय स्वतःच सोडवून घेतला.