चार इंच

पकडीत आवळलेल्या नळीवर मिस्त्रींनी तिसऱ्यांदा करवत धरली, तेव्हा डबा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं, "चांगली रायफल कापताय की काय?"

"बाद झालेली आहे. एक गोष्ट बघायचीय."

नेमबाजी क्लबात मिस्त्री तीस वर्षं रायफली दुरुस्त करत होते. नळी लांब असली की नेम पक्का, असं ते भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत. चार वर्षांपूर्वी क्लबातल्या एका नर्सने त्यांच्यापुढे आपली रायफल ठेवली होती. "काका, पुढचा भार खांद्याला झेपत नाही. नळी चार इंच कमी करून द्या ना."

मिस्त्रींनी तिला उडवून लावलं. निवड चाचणीत शेवटच्या दहा गोळ्यांना तिचा हात थरथरला आणि संघातली जागा दोन गुणांनी हुकली. पुन्हा ती क्लबाकडे फिरकली नाही.

परवा एका निवृत्त मास्तरांनी सहज विचारलं, "मिस्त्री, तुम्ही स्वतः मोजून पाहिलंय?" मिस्त्रींनी पाहिलं नव्हतं.

म्हणून आज रायफल लोखंडी घोडीवर घट्ट बांधून त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. दोन इंच कापून, तोंड नीट घासून, परत पाच. गोळीचा वेग थोडा घटला असेल. पण पन्नास मीटरवरच्या निशाण्याच्या कागदावरची भोकं काही पांगली नाहीत. चार इंच गेल्यावर तर ती जरा जवळच आली. आखूड नळी ताठ असते, गोळी सुटताना कमी थरथरते. तिसऱ्या कापानंतरही तेच.

डबा तसाच ठेवून मिस्त्री तो कागद घेऊन त्या नर्सच्या दवाखान्यात गेले. ती बाह्यरुग्ण विभागात पट्ट्या बांधत होती. हातातलं काम संपवून ती बाकावर त्यांच्याशेजारी टेकली.

"तुझं बरोबर होतं, पोरी. नेम बिघडला नसता. मी न तपासताच बोललो."

तिने भोकांवरून बोट फिरवलं. "मला वाटायचं, माझाच हात कच्चा."

"रायफल घेऊन ये. उद्याच कापून देतो."

"ती दिली मी विकून." तिने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "आता कुणी मागितलं तर नाही म्हणू नका, काका."

"नाही म्हणणार."

तिने पुढच्या पेशंटला हाक मारली. काठी टेकत एक आजोबा आले. मिस्त्री उठले आणि त्यांना बसायला जागा करून दिली.