टेंभेसाहेबांचा आयरिश पत्रव्यवहार

निशिकांत टेंभे हे ‘पहाटवारा’ या दैनिकाच्या रविवार पुरवणीचे साहित्य संपादक. मुलाकडे सिंगापूरला, यिशुनच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरही त्यांनी पद सोडलं नाही. खरं सांगायचं तर कुणी मागितलंही नाही. नाश्त्याच्या बशा उचलल्या की जेवणाच्या टेबलाचं ‘सिंगापूर कार्यालय’ होई. साडेबाराला सून क्षिप्रा भाताचं पातेलं घेऊन आली की कार्यालय बंद.

त्या कार्यालयात मी आठवड्यातून दोनदा तोआ पायोहच्या माझ्या घरून मेट्रोनं जात असे. मला एक कथा छापून हवी होती.

इंग्रजी मी आमच्या तिथल्या लायब्ररीत शिकले, लहान मुलांच्या कपाटापासून एकेक फळी वर चढत. मोठ्यांच्या फळीवर पोचेपर्यंत पन्नाशी आली. तिथं ऊना टाल्टी नावाच्या आयरिश बाईंची ही कथा भेटली. समुद्राकाठच्या गावातली एक बाई नवऱ्याचं जेवण झाकून ठेवते, कोट घालते आणि दुपारच्या बसमध्ये बसते. संपली कथा. मी चार महिने खपून ती मराठीत आणली. माझं नाव त्याआधी एकदाच छापून येणार होतं, इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत, मोदक करणाऱ्यांत. तिथं ‘आणि इतर भगिनी’ असं आलं.

टेंभेसाहेबांनी कथा वाचून चष्मा काढला. छान आहे म्हणाले, पण बाई संध्याकाळपर्यंत परत यायला हवी. रविवारची पुरवणी घरोघरचे नवरे वाचतात. तेव्हा लेखिकेची परवानगी मागू आणि त्याच पत्रात शेवटही बदलून मागू. पत्र ते मराठीत लिहिणार, मी इंग्रजी करून त्यांच्या ईमेलवरून, त्यांच्या नावानं पाठवणार. इंग्रजी त्यांना येत होतं, पण आपलंच लिहिलेलं, मग ते माझ्या इंग्रजीत का असेना, पुन्हा वाचायची त्यांना सवय नव्हती. प्रुफं दुसऱ्यानं बघायची असतात, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

पहिलं पत्र पुरवणीच्या परंपरेवर दीड पान चाललं. मग हुकूम सुटले. नायिकेला सहाच्या आत घरी आणावं, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि पन्नास शब्दांत परिचय पाठवावा, आमच्या बाजूला आल्यास शाल-श्रीफळ देण्यात येईल. मी इंग्रजीत परवानगी मागितली आणि पुढे एवढंच लिहिलं, की आमचे वाचक विचारतील, ही बाई संध्याकाळी कुठे असेल?

उत्तर आलं. कथा खुशाल छापा, मात्र पूर्ण. ती संध्याकाळी कुठे असते हे मीही रोज विचारते.

साहेब खूश झाले. “विचार करतेय म्हणते. दोन पत्रांत आणतो बघा तिला घरी.”

दोनाची सात पत्रं झाली. बाई येत नसेल तर निदान नवऱ्यानं तिला आणायला जावं, इथवर साहेब तडजोडीला आले. ते जितके चढत, तितकी मी इंग्रजीत उतरे. मग पत्र फारच आखूड होई, म्हणून मी पदरचं काहीबाही घाली. बाजारातली मेथी, गुडघे, वाळत घातलेले कपडे. खाली सही त्यांची. उत्तरं वाचून दाखवताना तेवढा भाग मी गाळी.

मग एका मंगळवारी गेले तर साहेब नवा सदरा घालून बसलेले. कथा रद्द. त्याऐवजी येत्या रविवारी अख्खं पान, ‘संपादक आणि आयरिश लेखिका : एक पत्रसंवाद’, मधोमध त्यांचा फोटो. मी कथेचं विचारलं, तर म्हणाले, पत्रांत तिचा उल्लेख आहेच की. पुढे पाहू.

‘पुढे पाहू’ म्हणजे काय, हे पुरवणीला काहीही पाठवून बसलेल्या कुणालाही विचारा.

पण दुसऱ्याचं छापायचं म्हटलं की साहेब शब्द न् शब्द स्वतः वाचतात. त्यांनी आपली पत्रं डावीकडे मांडली, तिची, मुलानं ईमेलवरून छापून दिलेली, उजवीकडे, आणि लाल पेन उघडलं. मी समोर बसून राहिले. पळून जायला त्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती.

“विनीताबाई, ही बाई बहिरी आहे का?”

“का हो?”

“मी शेवटाबद्दल विचारतोय. ही विचारते, दहाव्या मजल्यावरून उडालेला तुमचा परकर सापडला का.” त्यांनी वर पाहिलं. “माझा परकर?”

“माझा,” मी म्हणाले. “खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत होता. सापडला. खालच्यांच्या एसीवर.”

स्वयंपाकघरात क्षिप्राच्या हातून झाकण पडलं.

त्यांनी शेवटचं पत्र उचललं. आपल्या वयाच्या दोन बायका इतक्या लांबून इतकं मोकळं बोलतील असं वाटलं नव्हतं, असं ऊनाबाईंनी लिहिलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग मी काय गाळलं, काय घातलं, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, चुकले. कथा नका छापू, पण ही पत्रंही आता छापता यायची नाहीत.

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुरवणीचे लेखक हल्ली त्यांना फोनवर अंगठे पाठवत. पत्र म्हणावं असं पत्र कित्येक वर्षांत त्यांना हे एवढंच येत होतं, आणि त्यातलं निम्मं मी मधल्या मधे खाल्लं होतं.

“माझं एक तरी वाक्य पोचलं का तिच्यापर्यंत?”

“एक पोचलं. जसंच्या तसं.”

तिसऱ्या पत्रात त्यांनी तक्रार केली होती, ‘आपली कथा मी रविवारी जेवणानंतर वाचली आणि माझी झोप गेली. पुरवणीच्या दृष्टीने हे बरे नाही.’ त्यात बदलावं असं मला काही सापडलं नव्हतं. मी उजवीकडच्या चळतीतून त्या पत्राचं उत्तर काढून दिलं. ते गुडघ्यांच्या गप्पांतच होतं, म्हणून वाचून दाखवताना तेही गळलं होतं. ऊनाबाईंनी ते वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलं होतं. तीस वर्षांत इतकं चांगलं कुणी बोललं नाही, असं म्हटलं होतं.

हे साहेबांनी स्वतः वाचलं, ओठ हलवत. बराच वेळ तो कागद माझ्याकडे परत आला नाही.

“कथा किती शब्दांची?”

“अठराशे.”

त्यांनी पानाचा नकाशा ओढला, पट्टीनं मोजलं, पुन्हा मोजलं. “माझा फोटो काढला तर बसते,” म्हणाले, आणि काढला.

रविवारी कथा आली. बाई बसमध्ये बसली आणि गेली, नवऱ्याला कुणी पाठवलं नव्हतं. वर साहेबांचं ते झोपेचं वाक्य, खाली ‘अनुवाद : विनीता दामले’. साहेबांनी सत्तावीस शब्द कापले होते. कथा लेखिकेची, पण मराठी तुमचं, म्हणाले, आणि मराठी कापायचा अधिकार संपादकाचा. मूळ इंग्रजीशी ताडून पाहिलं. वीस माझेच जास्तीचे होते.

सोमवारी त्यांनी ऊनाबाईंना पहिल्यांदा स्वतः इंग्रजीत लिहिलं. झालेला प्रकार सगळा, परकरासकट. मला फक्त पाठवायला दिलं. शेवटी सही होती, निशिकांत टेंभे, साहित्य संपादक. त्याखाली वेगळ्या ओळीत, कंसात, पुरुष.

मी काहीही न बदलता पाठवलं.